नेक्सस्टार ६ एसई: सहा महिने, एक क्रेन आणि सासूबाईंचा शनी

दिवाळीत घेतलेल्या दुर्बिणीबद्दल लिही लिही म्हणून तीन-चार जण मागे लागलेत, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, मी काही त्या विषयातली नाही, बँकेत नोकरी करते, धायरीत राहते, चौथा मजला, वर सोसायटीची गच्ची आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. हे एवढं पुराण लावायचं कारण म्हणजे यूट्यूबवर दुर्बिणीबद्दल जे सांगतात त्यातलं निम्मं बंगल्यामागे अंगण असलेल्या लोकांसाठी असतं, दार उघडलं, हिरवळीवर ठेवली, झालं. आपल्याकडे लिफ्ट, लिफ्टनंतरचा अर्धा जिना, किल्ली, पाण्याची टाकी आणि "मॅडम टॉवर लावताय का कसला" म्हणून मागे उभा राहणारा वॉचमन.

तर घेतली ती सेलेस्ट्रॉनची नेक्सस्टार ६ एसई. ती केशरी नळीवाली, एका हातावर तोललेली असते ना, तीच. आरसा १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंची, फोकल लेंग्थ (आत आलेला प्रकाश जिथे एकत्र येतो तिथवरचं अंतर) १५०० मिलिमीटर, आणि हातात धरायचा रिमोट ज्याच्यात ४० हजार गोष्टींची यादी भरलेली आहे. त्या ४० हजारांच्या आकड्याला भुलू नका, सहा महिन्यांत मी साठेक बघितल्या असतील आणि त्यातल्या वीसच पुन्हा पुन्हा बघते. किंमत लाखाच्या वर गेली, त्याबद्दल शेवटी.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की कॉम्प्युटरवाली कशाला, जाणकार लोक तर म्हणतात आधी आकाश शिका, साधी डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची, हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) घ्या, त्याच पैशात मोठा आरसा मिळतो. मिळतो हे खरंय. पण ही मंडळी हे विसरतात की वस्तू हाताने शोधायची म्हणजे ओळखीच्या ताऱ्यावरून शेजारच्या फिकट ताऱ्यावर, तिथून आणखी फिकट ताऱ्यावर असं उड्या मारत जायचं असतं, आणि पुण्याच्या आकाशात मधल्या उड्यांचे तारे दिसतातच कुठे? माझ्या गच्चीवरून चांगल्या रात्री मोजून तीस-चाळीस तारे दिसत असतील. नदीत पाय ठेवायला दगडच नाहीत तर पलीकडे जायचं कसं. त्यामुळे शहरात राहणाऱ्याला मोटर आणि कॉम्प्युटर ही चैन नाहीये असं माझं स्पष्ट मत झालंय. खेड्यात राहत असाल, अंधार असेल, तर मात्र खुशाल डॉब्सोनियन घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगल्या आयपीस (डोळा लावायची, बदलता येणारी भिंगं) घ्या.

पण कॉम्प्युटर आहे म्हणजे बटण दाबलं की शनी हजर असं नसतं हो. त्या बिचाऱ्याला चालू केल्यावर काहीच माहीत नसतं, आपण कुठे आहोत, किती वाजलेत, आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे. वेळ, तारीख, गाव सांगायचं, मग आकाशातल्या तीन ठळक गोष्टी एकेक करून बरोबर मध्यात आणून द्यायच्या, की तो गणित करून कळवतो जमलं म्हणून. याला ते स्काय अलाइन म्हणतात, आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं की ताऱ्यांची नावं माहीत नसली तरी चालतं. चालतं. फक्त ते तारे असावे लागतात.

पहिल्या रात्री मी शनी धरला, मग वायव्येला अभिजित धरला, तिसरा ईशान्येला खाली एक छान पिवळसर ठिपका दिसत होता, म्हटलं ब्रह्महृदय. जमलं नाही असा मेसेज. परत केलं. परत नाही. असं चार वेळा. नवरा तोपर्यंत दोनदा खाली जाऊन चहा करून आला. पाचव्या वेळी मी आयपीसला डोळा लावून ब्रह्महृदय मध्यात आणत होते तर त्याच्या बाजूला लोखंडी जाळी दिसली. आमच्या मागे बावीस मजली स्कीम चाललीय, तिच्या क्रेनवरचा दिवा होता तो. खरा ब्रह्महृदय त्याच क्रेनच्या मागे होता बहुतेक.

आणि क्रेन सुटल्यावरही जमेना, कारण तारीख. रिमोटला तारीख अमेरिकन पद्धतीने लागते, आधी महिना मग दिवस. मी ५ नोव्हेंबर म्हणून ०५ आणि ११ टाकत होते, म्हणजे त्याच्या हिशेबाने ११ मे. मे महिन्यातलं आकाश समजून तो नोव्हेंबरच्या आकाशाशी जुळवत बसला होता, जुळणार कसं. आपल्यातल्या प्रत्येकाकडून ही चूक एकदा तरी होणार, म्हणून मोठ्याने सांगतेय. अजून एक, डेलाइट सेव्हिंग विचारतो तिथे स्टँडर्ड ठेवायचं, आपल्याकडे ती भानगड नाही. आणि तारा मध्यात आणताना शेवटचा धक्का नेहमी वरच्या आणि उजव्या बाणाच्या बटणानेच द्यायचा, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे पण वाचतं कोण, दातेरी चाकांमधली ढिलाई त्याने एकाच बाजूला बसते आणि मग वस्तू शोधताना नेम चुकत नाही. हे कळल्यापासून माझं अलाइन पाच मिनिटांत होतं. तिन्ही तारे एकमेकांपासून लांब लांब घ्या, आणि आपल्या पंचांगातली नावं आणि इंग्रजी नावं यांचा एक कागद खिशात ठेवा, व्याध सिरियस, रोहिणी अल्डेबरन, स्वाती आर्क्टुरस, चित्रा स्पायका, अगस्ती कॅनोपस, एवढं पुरतं.

दिसतं काय मग? चंद्र. चंद्राबद्दल मी लिहीतच नाही, सोबत येणाऱ्या २५ मिलिमीटरच्या आयपीसने ६० पट दिसतो, अख्खा मावतो, आणि अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या अशा काही पडलेल्या असतात की आमच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू, ज्या फक्त कपडे काढायला वर आल्या होत्या, त्या पाऊण तास थांबल्या, कपडे दवाने पुन्हा ओले. पौर्णिमेला मात्र बघू नका, सावल्या नसतात, सपाट भाकरी दिसते. गुरूने यंदा बहार केली, १० जानेवारी २०२६ ला प्रतियुतीत (म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर) होता, मिथुनेत पुनर्वसूच्या जवळ, पट्टे स्वच्छ, चार चंद्र, आणि एका रात्री एका चंद्राची काळी टिकलीएवढी सावली गुरूच्या अंगावरून सरकताना बघितली. हंसाच्या चोचीतली अल्बिरिओची जोडी, एक सोनेरी एक निळसर, ही पुण्याच्या उजेडातसुद्धा सुंदर दिसते, जोडतारे आणि ग्रह यांना शहराचा उजेड फारसा मारत नाही. मारतो तो तेजोमेघांना (वायू-धुळीच्या ढगांना) आणि दीर्घिकांना (आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारकासमूहांना). मृगातला तेजोमेघ, एम ४२, धायरीतून म्हणजे उदबत्तीचा धूर. देवयानी दीर्घिका म्हणजे काच पुसायची राहिलीये का असं वाटावं असा डाग.

शिवाय देवयानी या दुर्बिणीत मावतही नाही. फोकल लेंग्थ लांब असल्यामुळे दिसणारं आकाश जेमतेम पाऊण-एक अंश, आणि देवयानीचा पसारा ओळीत मांडलेल्या सहा चंद्रांएवढा. कृत्तिकाही पूर्ण येत नाहीत, त्या घरातल्या जुन्या दहा-पन्नासच्या बायनॉक्युलरमधूनच छान दिसतात. हे घेण्याआधी समजून घ्या, ही नळी ग्रह, चंद्र, जोडतारे, गोल तारकागुच्छ यांच्यासाठी, पसरट गोष्टींसाठी नाही. मी नंतर ३२ मिलिमीटरची प्लोसल आयपीस घेतली त्याने एक अंशाच्या किंचित पुढे जाता येतं, पहिली खरेदी तीच करा.

माझं सासर जुन्नरकडे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश आहेत, आणि पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची २ मीटरची दुर्बीण गिरवलीला आहे ती पण याच पट्ट्यात, म्हणजे अंधाराला नावाजलेला भाग. नोव्हेंबरच्या शेवटी दुर्बीण घेऊन गेलो. माझ्या डोक्यात होतं की शेतात मध्यभागी लावायची, चारी बाजूंनी क्षितिज मोकळं. सासरे म्हणाले, "लाव की, बिबट्याला पण दाखव." ऊस उभा होता. तर स्लॅबवर लावली.

रिमोटवर शनी दाबला, मोटर घरघरत फिरली (आवाज होतो, रात्री गावात तर पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा वाटतो), आणि शनी आत. आता मी तोपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं की कडं दिसणार, कडं दिसणार. पण मार्च २०२५ मध्ये शनीची कडी नेमकी आपल्या नजरेच्या पातळीत आली होती, साधारण पंधरा वर्षांनी येते अशी, आणि नोव्हेंबरात ती पुन्हा जवळपास तशीच होती, म्हणजे कडं असं नाहीच, दोन्ही बाजूंना केसाएवढी आडवी रेघ. पुतण्या हिरमुसला, पुस्तकात तर मोठं असतं काकू म्हणाला. सासूबाई स्टुलावर बसल्या, एक डोळा पदराने झाकला, बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाल्या, "सुईत ओवलेला मणी हाये गं." यापेक्षा नेमकं वर्णन मला नंतर कुठे वाचायला मिळालेलं नाही. कडं पुरतं उघडायला २०३२ च्या आसपास जावं लागेल, पण दरवर्षी थोडं थोडं उघडत जाईल.

त्या रात्रीचा खरा धडा दवाचा. दहाच्या सुमाराला सगळं धूसर होत गेलं, मला वाटलं ढग, वर बघितलं तर आकाश लख्ख. या नळीला पुढे मोठी काच असते तिच्यावर दव धरतं. ती पुसायची नाही, अजिबात नाही, पदराने तर नाहीच. हेअर ड्रायर मंद ठेवून लांबून फिरवला. आता जुना योगा मॅट कापून त्याची फूटभर लांब टोपी केलीय, वेलक्रो लावून, खर्च शून्य आणि दोन तास जास्त मिळतात. सेलचंही तसंच, आठ पेन्सिल सेल बसतात पण मोटर फिरवायला ते म्हणजे हत्तीला शेंगदाणे, माझे तर थंडीत ऐन रंगात आले असताना बसले आणि सेल बसले की अलाइनही गेलं, पहिल्यापासून सुरू. बारा व्होल्टची रिचार्जेबल बॅटरी घ्या. पिनचं टोक पॉझिटिव्ह असलेलीच घ्या, उलटी लावून बघू नका.

आता फोटो. सगळ्यांना फोटो हवे असतात, मलाही हवे होते, आणि इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात म्हणून जरा नीट सांगते. चंद्राचे फोटो मोबाईल आयपीसला लावून झक्कास येतात, त्यासाठी होल्डर मिळतो, हाताने धरू नका. ग्रहांचे फोटो म्हणजे फोटो नसतातच, दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या हजारो फ्रेममधून हवा स्थिर असतानाच्या क्षणांच्या चांगल्या फ्रेम ऑटोस्टॅकर्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर निवडून एकावर एक रचतं. दोन मिनिटंच का, तर गुरू दहा तासांच्या आत एक गिरकी घेतो, जास्त वेळ घेतला की डाग फिरून पुसट होतात. इथपर्यंत ही दुर्बीण मस्त साथ देते.

तेजोमेघाच्या लांब एक्स्पोजरला मात्र नाही देत, आणि त्यात तिचा दोष नाही. ही वर-खाली आणि डावी-उजवी अशी दोनच दिशांत हलते. तारा मध्यात धरून ठेवते पण चित्र त्याच्याभोवती हळूहळू फिरत राहतं, त्यामुळे कडेचे तारे अळ्यांसारखे वाकडे येतात. आणि यातली आपल्यासाठी वाईट बातमी, जी मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितली नाही, हे फिरणं आपल्याकडे जास्त असतं. उत्तर किंवा दक्षिण दिशेला, सारख्याच उंचीवर असलेल्या गोष्टीसाठी लंडनच्या मानाने पुण्यात ते दीडपट. डोक्यावर आलेल्या गोष्टीचं तर विचारूच नका, यंदाचा गुरू मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर यायचा तेव्हा मोटरची नुसती तारांबळ. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे पूर्वेला किंवा पश्चिमेला, मधल्या उंचीवर असताना वस्तू गाठायची आणि दहा-दहा सेकंदांचे पुष्कळ फोटो घेऊन रचायचे. त्यातून माझा एम ४२ बरा आलाय, फ्रेम करावा असा नाही.

मग लोक म्हणतात इक्वेटोरियल माउंट (पृथ्वीच्या आसाला समांतर फिरणारी बैठक, तिच्यावर चित्र फिरत नाही) घ्या. घ्या, पण ते ध्रुवताऱ्याकडे रोखावं लागतं आणि ध्रुव आपल्याकडे जेवढं अक्षांश तेवढाच वर, पुण्यात साडेअठरा अंश. साडेअठरा अंशावर माझ्याकडे सिंटेक्सची टाकी आहे. तुमच्याकडे शेजारची बिल्डिंग असेल. काही माउंट तर एवढं खाली झुकवलं की वजनाचा दांडा तिवईच्या पायाला आपटतो. घेण्याआधी कंपास घेऊन गच्चीवर जा आणि उत्तरेला काय आहे ते बघून या, पाच मिनिटांचं काम आहे.

ऑफिसमधल्या एकाकडे सीस्टार एस ५० ही फोटो काढणारी छोटी दुर्बीण आहे, २०२३ मध्ये आली ती, तो जानेवारीत आमच्याबरोबर जुन्नरला आला. अडीच किलोचा डबा, ५० मिलिमीटरची भिंगं, आयपीस नाहीच, सगळं मोबाईलवर. मी माझी १३-१४ किलोची वरात जिन्यावरून चढवेपर्यंत त्याने ती कठड्यावर ठेवली, तिने आपलं आपण आकाशाचा फोटो काढून ओळखलं आपण कुठे आहोत ते, ना तारीख ना क्रेन, आणि दहा मिनिटांत मोबाईलवर एम ४२ गुलाबी-जांभळा. मला राग आला. खरंच आला. देवयानीच्या मधल्या भागातले धुळीचे काळे पट्टे तिने दाखवले जे माझ्या दुर्बिणीतून मला जन्मात दिसणार नाहीत. पोरं सगळी तिकडे. मग त्याने गुरू लावला तर वाटाण्याच्या दाण्याएवढा पांढरा गोळा, पोरं परत इकडे. सासूबाई तर तिकडे गेल्याच नाहीत, "मोबाईलातच बघायचं तर थंडीत वर कशाला आले मी" म्हणाल्या.

तेव्हा माझं उत्तर विचाराल तर, फोटोच हवेत आणि डोळा लावून बघायची हौस नाही तर सीस्टारसारखी घ्या, माझ्यासारखी घेऊन वर कॅमेरा, माउंट असं ठिगळ लावत बसू नका. डोळ्याने बघायचंय तर ६ एसई. बजेट कमी असेल तर स्कायवॉचरची व्हर्चुओसो जीटीआय १५० बघा, आरसा तेवढाच, मोबाईलवरून चालते, फक्त टेबलावर ठेवायची आहे तेव्हा न हलणारं टेबल हवं. आठ इंचीचा मोह मला झाला होता, ८ एसई, पण जिना आठवला. आणि ऑनलाइन ती "६७५ पट" वाली पाच-सहा हजारांची मिळते ती भाच्याच्या वाढदिवसाला देऊ नका, भिंगाच्या जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट एवढीच पट खरी, ६० ला १२०, त्यापुढे नुसता मोठा धूसर गोळा.

घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा हे मात्र कळकळीने सांगते. पुण्यात टिळक स्मारकला ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, मुंबईकरांना खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम आहेत, नागपूरकडच्यांना तर पेंच आहे, २०२४ च्या जानेवारीत डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळालेलं. मी न बघता घेतली, नशिबाने निभावलं.

खरेदीचा अनुभव विचारू नका. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, पण जाहिरातीत अ‍ॅडॉप्टर सोबत म्हटलेलं, खोक्यात नाही, मग एकोणीस दिवस "मॅम प्रोसेसमध्ये आहे". खोकं उघडताना व्हिडिओ काढला होता म्हणून मिळालं शेवटी. तुम्ही पण काढा. आणि सूर्याकडे पुढच्या तोंडावर बसणारं फिल्टर असल्याशिवाय नळी वळवायची नाही, मुलं घरात असतील तर दिवसा गच्चीवर नेऊच नका.

आता मे संपत आलाय, पावसाळ्याचे चार महिने तिला सुट्टी. काचेला बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवायचीय, पुड्या रंग बदलल्या की तव्यावर गरम करून परत वापरता येतात. डब्याच्या मापाची शोधाशोध चालूय, कोणाला माहीत असेल तर सांगा.

आणि हो, किंमत. सासरी मी अठरा हजार सांगितलीय. जुन्नरकडचं कोणी हे वाचत असेल तर कृपा करा.